लॉरा म्यूर: मोबाइलवरच्या गोष्टीतून गाळलेली सात वर्षं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची लेक सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. १५०० मीटर ४:५२ मध्ये धावते, ८०० मीटर २:२१ मध्ये. ‘नीट’ची परीक्षा देऊन तिला पशुवैद्यकीयला जायचंय. घरातली वडीलधारी म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. आणि तिच्या मोबाइलवर स्कॉटलंडच्या लॉरा म्यूरची गोष्ट फिरतेय, की ती जनावरांची डॉक्टरही झाली आणि तिनं ऑलिंपिकचं रौप्यही जिंकलं. हे खरं का, तिला कसं जमलं, आणि यंदा राज्य स्पर्धेत मुलीनं ८०० आणि १५०० दोन्ही पळावं की एकच, असं तुम्ही विचारलंय.

गोष्ट खरी आहे. फक्त ती सांगताना मधली सात वर्षं गाळली जातात. मी सत्तावीस वर्षं मैदानावर घड्याळ हातात घेऊन उभा आहे, मला रस त्या सात वर्षांतच आहे. २०१४ ते २०२१ या काळात ही मुलगी मोठ्या फायनलमध्ये अकरावी, पाचवी, सातवी, चौथी आणि परत पाचवी आली. त्यातल्या शेवटच्या तीन वेळा तर खिशात ब्रिटनचा विक्रम असताना. विक्रमी वेळ काढणं आणि फायनलमध्ये पदक घेणं ही १५०० मीटरमध्ये दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तिला तेविसाव्या वर्षी आलं. दुसरं शिकायला पुढची पाच वर्षं गेली. डॉक्टरकीचं मी सांगेनच, पण आधी हे समजून घ्या.

म्यूरचा जन्म ९ मे १९९३ चा, इन्व्हर्नेसचा. वाढली मिलनाथॉर्टला, किनरॉसजवळच्या छोट्या गावात. तिचा क्लब डंडी हॉकहिल हॅरियर्स. हे ‘हॅरियर्स’ म्हणजे तिकडचे जुने धावण्याचे क्लब. हिवाळाभर चिखलातून, शेताच्या कडेनं, चढउतारावर क्रॉसकंट्री पळायची आणि उन्हाळ्यात ट्रॅकवर यायचं, ही त्यांची रीत. १९९१ मध्ये टोकियोला १०,००० मीटरची विश्वविजेती झालेली लिझ मॅकोल्गन याच क्लबची. आपल्याकडे कुस्तीत एखाद्या तालमीचं नाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच काहीसं.

पुढं ती पशुवैद्यकीय शिकायला ग्लासगो विद्यापीठात गेली आणि तिथं प्रशिक्षक अँडी यंगकडे सराव सुरू झाला. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ग्लासगोचं पशुवैद्यकीय विद्यालय आणि विद्यापीठाचं क्रीडासंकुल एकाच गार्सक्यूब नावाच्या आवारात आहेत. आणि शहराच्या पूर्वेला, २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्तानं उभारलेल्या एमिरेट्स अरीनात २०० मीटरचा इनडोअर ट्रॅक आहे. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो, वर पाऊस आणि वारा. अशा ठिकाणी छताखालचा ट्रॅक हाताशी असणं म्हणजे वर्षाचे चार महिने वाचणं. जिद्दीचं कौतुक करावंच, पण वर्ग, मैदान आणि ट्रॅक एकाच शहरात होते, हेही मोजा. तुमच्या मुलीचं कॉलेज निवडताना हा मुद्दा मी पहिल्यांदा बघेन. रोज येण्याजाण्यात दोन तास गेले तर लॉरा म्यूरसुद्धा काही करू शकणार नाही.

आता २०१४. जुलैमध्ये डायमंड लीगमध्ये, म्हणजे शहरोशहरी होणाऱ्या अव्वल शर्यतींच्या मालिकेत, पॅरिसला तिनं ४:००.०७ वेळ दिली आणि यव्हॉन मरीचा १९८७ पासूनचा ४:०१.२० हा स्कॉटिश विक्रम मोडला. वय एकवीस. पुढच्याच महिन्याच्या तोंडावर राष्ट्रकुल स्पर्धा, त्याही ग्लासगोत, हॅम्पडन पार्कवर. फुटबॉलच्या त्या मैदानावर तात्पुरता ट्रॅक उभारलेला आणि सगळं गाव पोरीचं पदक धरून बसलेलं. फायनलच्या शेवटच्या टप्प्यात घोळक्यात पायात पाय आला, लय तुटली आणि ती अकरावी आली.

हे तांत्रिक आहे, म्हणून सावकाश सांगतो. १५०० मीटर म्हणजे पावणेचार लॅप. लेन नसते. डायमंड लीगमध्ये पुढं पेसमेकर असतो, तो ठरलेल्या वेगानं दोन-अडीच लॅप ओढून नेतो आणि बाजूला होतो. तिथं तुमचं काम एकच, मागं चिकटून राहायचं आणि दम पुरवायचा. फायनलमध्ये पेसमेकर नसतो. बारा-तेरा जणी एकमेकींकडे बघत बसतात. कुणी आतल्या कडेला कोंडली जाते, कुणाच्या पोटरीला मागचीचे स्पाइक्स लागतात, आणि कुणीतरी अचानक सुटते. घड्याळाविरुद्धची शर्यत आणि माणसांविरुद्धची शर्यत, असा फरक आहे. आपल्याकडे मुलं टायमिंग सांगतात, ‘सर, माझं ४:०५ आहे’. पण त्या टायमिंगची मुलं घोळक्यात कोपर लागलं की बावरतात. मी गेली कित्येक वर्षं सरावात मुद्दाम आठ जणांना एका लेनमध्ये पळवतो. पालक भांडायला येतात, तरी पळवतो.

२०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ती पाचवी आली. वाईट अजिबात नाही. आणि मग २०१६ उजाडलं.

२२ जुलै २०१६ ला लंडनमध्ये तिनं ३:५७.४९ काढले. केली होम्सनं २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक सुवर्ण जिंकताना केलेला ३:५७.९० हा ब्रिटिश विक्रम गेला. बारा वर्षं टिकलेला. तीन-साडेतीन आठवड्यांनी रिओची फायनल होती.

रिओची ती फायनल मी मुलांना दरवर्षी दाखवतो. पहिली लॅप ७६ सेकंदांच्या आसपास. तुमच्या मुलीची ४:५२ ची सरासरी लॅप येते ७८ सेकंदांना. म्हणजे ऑलिंपिक फायनलची पहिली लॅप तुमची लेकसुद्धा त्या बायकांच्या थोडीच मागं राहून पळाली असती! मग इथिओपियाची गेन्झेबे दिबाबा सुटली. जगातली सगळ्यात वेगवान १५०० तेव्हा तिच्याच नावावर होती, ३:५०.०७. ८०० ते १२०० मीटरमधला टप्पा तिनं ५७ सेकंदांच्या घरात काढला. केनियाची फेथ किप्येगोन तिच्या मागं गेली आणि म्यूर त्या दोघींच्या मागं. पदकासाठी जायचं तर जायलाच हवं होतं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मलाही. पण हा वेग तिचा नव्हता आणि सुटायचा क्षणही तिनं निवडलेला नव्हता. शेवटच्या सरळ रेषेत पाय जड झाले. किप्येगोन ४:०८.९२ नं जिंकली, दिबाबा दुसरी, मागं शांत बसलेली अमेरिकेची जेनी सिम्पसन तिसरी. म्यूर सातवी.

अकरा दिवसांनी, २७ ऑगस्टला पॅरिसमध्ये पेसमेकर होता. म्यूरनं ३:५५.२२ काढून शर्यत जिंकली, स्वतःचाच विक्रम सव्वादोन सेकंदांनी सुधारला आणि पुढं त्या वर्षीची १५०० मीटरची डायमंड लीगही खिशात घातली. तीच मुलगी, तेच पाय, अकरा दिवसांचं अंतर. म्हणून म्हणतो, दोन वेगळी कामं.

हिवाळ्यात तर तिनं धडाकाच लावला. ४ जानेवारी २०१७ ला ग्लासगोच्या अरीनात, क्लब पातळीवरच्या एका साध्या स्पर्धेत ती ५००० मीटर पळाली: १४:४९.१२. लिझ मॅकोल्गनचा १९९२ पासूनचा १५:०३.१७ हा ब्रिटिश इनडोअर विक्रम एकदम चौदा सेकंदांनी मागं पडला. आपल्याच तालमीतल्या मोठ्या पैलवानाला चीत करावं तसं. पुढं फेब्रुवारीत कार्ल्सरूहला ३००० मीटर ८:२६.४१, बर्मिंगहॅमला १००० मीटर २:३१.९३, दोन्ही युरोपचे इनडोअर विक्रम. मार्चमध्ये बेलग्रेडला युरोपियन इनडोअरमध्ये १५०० आणि ३००० दोन्हीचं सुवर्ण. हे तिचं पहिलं मोठं यश. माझ्या मते इनडोअर तिला मानवण्याचं कारण असं की २०० मीटरच्या ट्रॅकवर वळणं जास्त, पुढं जाणं अवघड, त्यामुळं लवकर पुढं जाऊन जोर कायम ठेवणाऱ्याला फायदा मिळतो. तिची ताकद तीच आहे, लांबून लावलेला जोर. शेवटच्या शंभर मीटरमध्ये फटाक्यासारखी सुटणारी ती नव्हेच.

पण उन्हाळ्याआधी पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं पडणारा बारीक तडा, झालं. त्यातून उठून जुलैत लंडनला ती एक मैल ४:१८.०३ मध्ये पळाली. झोला बडचा १९८५ चा ४:१७.५७ हा ब्रिटिश विक्रम अर्ध्या सेकंदानं हुकला. ऑगस्टमध्ये त्याच स्टेडियममध्ये जागतिक स्पर्धा. फायनलमध्ये या वेळी ती सुरुवातीलाच पुढं गेली. रिओचा धडा तिनं असा घेतला असावा की वाट बघत बसायचं नाही. शेवटच्या सरळ रेषेत किप्येगोन, सिम्पसन आणि ती अशी धडपड चालली होती, आणि बाहेरून आली दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या. सेमेन्या ४:०२.९०, म्यूर ४:०२.९७. सात शतांश सेकंदांनी ब्रॉंझ गेलं. पहिलीपासूनचं अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी, ०.३८.

चौथा नंबर हा फार वाईट नंबर असतो ताई. सातवीला झोप लागते, चौथीला लागत नाही.

आता डॉक्टरकी. म्यूरनं पदवी पूर्ण केली २०१८ मध्ये. म्हणजे वर सांगितलेलं सगळं, रिओ, पॅरिस, बेलग्रेड, लंडन, विद्यार्थीदशेतलं आहे. पशुवैद्यकीय म्हणजे नुसती पुस्तकं नव्हेत. दवाखान्यात उभं राहायचं, गोठ्यात जायचं, जनावर धरायचं. मोबाइलवरच्या गोष्टीत हे ‘दोन्ही सांभाळलं’ या दोन शब्दांत संपतं. प्रत्यक्षात दर वर्षी काहीतरी सोडावं लागलं. त्यातली सगळ्यात ठळक गोष्ट एप्रिल २०१८ ची. गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा होती, तिला तिथं पदकाची चांगली संधी होती, आणि ती गेली नाही. अंतिम परीक्षा होती. जगातल्या पहिल्या चार-पाचात असलेली धावपटू परीक्षेसाठी राष्ट्रकुल सोडते, हे आपल्याकडे कुणाला सांगितलं तर आधी घरचेच वेड्यात काढतील. मग चार वर्षांनी तेच घरचे म्हणतील, बरं झालं.

त्याच्या आधी मार्चच्या सुरुवातीला बर्मिंगहॅमला जागतिक इनडोअर होती. ब्रिटनभर हिमवादळ, विमानं आणि गाड्या बंद. ही ग्लासगोहून टॅक्सी करून बर्मिंगहॅमला पोचली. ३००० मध्ये ब्रॉंझ, १५०० मध्ये रौप्य, दोन्हीकडे सुवर्ण दिबाबाचं. जागतिक पातळीवरची तिची ही पहिली पदकं. पदवी हाती आल्यावर त्याच ऑगस्टमध्ये बर्लिनला युरोपियन स्पर्धा. इथं मला पहिल्यांदा वाटलं की हिला शर्यत कळली. शेवटच्या लॅपची बेल वाजायच्या आधीच ती पुढं गेली आणि एकेक पायरी चढावी तसा वेग वाढवत राहिली. मागच्या सगळ्यांना लांबून, दमवत दमवत फोडलं. ४:०२.३२, सुवर्ण. रिओत दुसऱ्याच्या सुटण्यावर ती सुटली होती, बर्लिनमध्ये सुटण्याची जागा तिनं ठरवली.

२०१९ मध्ये ग्लासगोच्या त्याच अरीनात युरोपियन इनडोअरला तिनं १५०० आणि ३००० परत दोन्ही जिंकलं. हे दुहेरी यश दोनदा मिळवणारी ती पहिलीच. मग पोटरी दुखावली, उन्हाळ्यातले बरेच आठवडे गेले, आणि सरळ दोहाच्या जागतिक फायनलला ती उतरली. ३:५५.७६ काढूनही पाचवी. रिओच्या विजेतीपेक्षा तेरा सेकंदांनी जलद पळून पाचवी! नेदरलँड्सच्या सिफान हसननं ती शर्यत ३:५१.९५ ला नेली होती. खेळच बदलला होता. हळू फायनल आणि शेवटी झटापट, हे दिवस संपत आले होते. किप्येगोन आणि हसन पहिल्यापासूनच शर्यत ताणत. ज्या म्यूरला संथ फायनलनं छळलं, तिला हा बदल खरं तर सोयीचा होता. फक्त त्या दोघींच्या मागं शेवटपर्यंत टिकायला हवं होतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, कारण तो टोकियोशी जोडलेला आहे.

ऑलिंपिक वर्षभर लांबलं. २०२१ च्या जुलैत मोनॅकोला म्यूरनं ८०० मीटर १:५६.७३ मध्ये जिंकलं. ही तिची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ. ब्रिटनच्या संघात ८०० साठी तिची जागा होती. कुणीही म्हणालं असतं, दोन्ही पळ, दोन पदकं आण. तिनं ८०० सोडलं. कॅलेंडर बघा: ३० जुलैला ८०० ची हीट (पहिली फेरी), ३१ ला सेमी, २ ऑगस्टला १५०० ची हीट, ३ ला ८०० ची फायनल, ४ ला १५०० ची सेमी, ६ ला फायनल. आठ दिवसांत सहा शर्यती, आणि शेवटची शर्यत किप्येगोनशी. तिची रिकामी झालेली जागा अलेक्झांड्रा बेलला मिळाली आणि ती फायनलला जाऊन सातवी आली. म्यूरचीच सरावातली जोडीदार जेमा रीकी तिथं चौथी आली. (चौथा नंबर त्या गटाच्या नशिबीच होता बहुतेक.)

६ ऑगस्टच्या फायनलमध्ये हसन पुढं, तिच्या मागं किप्येगोन, तिसरी म्यूर. जगातल्या सर्वोत्तम दोघी पुढं, एकमेकींना चिकटलेल्या. म्यूरनं त्यांची पाठ सोडली नाही आणि एकदाही घाईनं बाहेर पडली नाही. शेवटच्या लॅपमध्ये किप्येगोन सुटली. इथं रिओची म्यूर तिच्या मागं धावली असती. टोकियोची म्यूर हसनवर नजर ठेवून राहिली. हसन त्या आठवड्यात तीन प्रकार पळत होती, १५०० च्या हीटमध्ये पडून उठून जिंकली होती आणि त्याच संध्याकाळी तिनं ५००० चं सुवर्ण घेतलं होतं. ती थकणार होतीच. शेवटच्या सरळ रेषेच्या तोंडाशी म्यूर तिला मागं टाकून गेली. किप्येगोन ३:५३.११, म्यूर ३:५४.५०, हसन ३:५५.८६. ब्रिटनचा नवा विक्रम आणि रौप्य, एकाच शर्यतीत. दोन्ही कामं पहिल्यांदा एका दिवशी झाली, वय अठ्ठावीस असताना.

तिनं ८०० सोडलं नसतं तर? सांगता येत नाही. मी मात्र माझ्या बाजूची एक गोष्ट सांगू शकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती, ८०० मध्ये राज्यात पहिली येईल अशी. त्या स्पर्धेत सकाळी १५०० ची फायनल आणि संध्याकाळी ८०० ची होती. मी दोन्हीत नाव दिलं. दोन पदकांचा मोह माझा होता, तिचा नव्हे. सकाळी ती तिसरी आली, संध्याकाळी पाचवी. गाडीत परत येताना ती काही बोलली नाही, आणि ते न बोलणं मला अजून आठवतं. त्यानंतर मी आधी वेळापत्रक मागतो आणि मग नाव देतो.

दोन्ही पळूच नये असंही नाही. पुढच्याच वर्षी म्यूरनं ते केलं. २०२२ चे ते पाच आठवडे तिच्या कारकिर्दीतले सगळ्यात भरगच्च. १८ जुलैला युजीनच्या जागतिक स्पर्धेत ३:५५.२८ नं ब्रॉंझ. (दुसऱ्या दिवशी पुरुषांची १५०० एडिंबरा क्लबच्या जेक वाइटमननं जिंकली. पुढच्या वर्षी बुडापेस्टला त्याच क्लबच्या जॉश करनं. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीचा स्कॉटलंड, लागोपाठ दोन विश्वविजेते, एकाच क्लबचे.) ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल. तिथं ती ८०० आणि १५०० दोन्ही पळाली, कारण वेळापत्रक झेपणारं होतं आणि समोर किप्येगोन नव्हती.

६ ऑगस्ट २०२२ हा दिवस आपल्याकडच्या लोकांना वेगळ्या कारणानं आठवत असेल. अलेक्झांडर स्टेडियमवर त्या दिवशी आपल्या बीडच्या अविनाश साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या अब्राहम किबिवोटला शेवटच्या पावलापर्यंत पळवलं: ८:११.१५ आणि ८:११.२०. पाच शतांशांनी सुवर्ण गेलं, तरी आम्ही घरात नाचलो. त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर म्यूर ८०० च्या फायनलमध्ये होती. म्यूर १:५७.८७, जमैकाची नतोया गूल १:५७.८८. एका शतांशानं ब्रॉंझ मिळालं. लंडनला सात शतांशांनी गेलेलं इथं एका शतांशानं परत आलं म्हणा. दुसऱ्या दिवशी १५०० चं सुवर्ण, ४:०२.७५. गोल्ड कोस्टला परीक्षेसाठी सोडलेलं राष्ट्रकुल असं वसूल झालं. आणि पुढच्या पंधरवड्यात म्युनिकला युरोपियन सुवर्ण, ४:०१.०८.

नंतरचं थोडक्यात. मार्च २०२३ मध्ये इस्तंबूलला तिनं युरोपियन इनडोअरचं पाचवं सुवर्ण घेतलं, आणि त्याच महिन्यात, दक्षिण आफ्रिकेतल्या सराव शिबिराच्या काळात, ती आणि रीकी प्रशिक्षक अँडी यंगपासून वेगळ्या झाल्या. बाहेर बसून त्यावर मी काही बोलणार नाही. पण सगळी कारकीर्द एका प्रशिक्षकाकडे काढलेली धावपटू तिशीच्या उंबरठ्यावर नव्यानं सुरुवात करते, तेव्हा शरीरापेक्षा रोजच्या सवयी मोडतात. नवा प्रशिक्षक स्टीव्ह व्हर्नन. जुलैत मोनॅकोला, किप्येगोननं एका मैलाचा ४:०७.६४ असा जागतिक विक्रम केला त्याच शर्यतीत, म्यूरनं ४:१५.२४ काढून झोला बडचा अडतीस वर्षांचा विक्रम अखेर मोडला. सहा वर्षांपूर्वी अर्ध्या सेकंदानं हुकलेला तो. बुडापेस्टच्या जागतिक फायनलला मात्र सहावी.

पॅरिस ऑलिंपिक, १० ऑगस्ट २०२४. वय एकतीस. म्यूर ३:५३.३७ पळाली, टोकियोच्या रौप्यापेक्षा सेकंदाहून जास्त जलद, आयुष्यातली सर्वोत्तम वेळ. आणि पाचवी आली. किप्येगोन ३:५१.२९, तिसरं सुवर्ण. ब्रॉंझ गेलं ब्रिटनच्याच जॉर्जिया हंटर बेलला, ३:५२.६१, आणि आठ वर्षं म्यूरकडे असलेला ब्रिटिश विक्रमही तिच्याकडे गेला. ही हंटर बेल मध्यंतरी खेळ सोडून सायबर सुरक्षेच्या कंपनीत नोकरी करत होती. तुमच्या घरातल्या दोन दगडवाल्यांना हेही ऐकवा.

आता तुमच्या मुलीपुरतं. ४:५२ सतराव्या वर्षी, तेही बारावीच्या धबडग्यात, ही चांगली सुरुवात आहे, त्याहून जास्त किंवा कमी काही मी आत्ता म्हणणार नाही. परीक्षेच्या आधीचे तीन महिने सराव आठवड्यातून चार दिवसांवर आणा, एक लांब पळ, एक वेगाचा, दोन सोपे. तेवढ्यानं काही बुडत नाही. कॉलेजच्या यादीत प्रत्येक नावापुढं मैदानापासूनचं अंतर लिहा. ट्रॅक नसला तरी चालेल, मोकळं माळरान तरी हवं. राज्य स्पर्धेचं वेळापत्रक आलं की मला पाठवा. दोन्ही फायनलमध्ये एक पूर्ण रात्र मध्ये असेल तर दोन्ही पळू दे. एकाच दिवशी असतील तर फक्त १५००. तिच्या दोन वेळा बघता तिचा कल लांबाकडे आहे.

आणि एक काम तिला आजच द्या. रिओची आणि टोकियोची फायनल एकामागून एक लावायची, आवाज बंद करून. दर वेळी खेळाडू फिनिशच्या रेषेवरून गेल्या की थांबवायचं आणि वहीत लिहायचं: म्यूर कितवी, आतल्या कडेला की बाहेर, तिच्या पुढं कोण, आणि तिच्या जागी आपण असतो तर तिथून कधी सुटलो असतो. वही घेऊन रविवारी मैदानावर पाठवा. सकाळी सहाला असतो मी.